काट्याचा कौल

आमच्या शिक्षणसंस्थेच्या अध्यक्षांचा गळा मी हाराशिवाय फार क्वचित पाहिला. प्रयोगशाळेत नवी टेबलं आली तरी ते हार घालून घ्यायला यायचे, आणि टेबलांवर बोलता बोलता स्वराज्यापर्यंत पोचायचे. त्या संस्थेच्या कोल्हापुरातल्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकवत होतो. सत्तरच्या दशकातली ही हकिकत. ती आठवली की अजून तोंड कडू होतं, आणि गोड करून सांगण्याची माझी इच्छा नाही.

अध्यक्षांची दुसरी ख्याती म्हणजे कौल. त्यांच्या गावच्या देवीच्या ओल्या मूर्तीला दोन्ही अंगांनी पाकळ्या चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. या रीतीने देवीने आमच्या इमारतीचं तोंड कुठल्या दिशेला असावं ते ठरवलं होतं, दोन प्राचार्य नेमले होते आणि एक घालवला होता. देवीशी माझं काही भांडण नव्हतं. तिचे निकाल दर वेळी अध्यक्षांच्या सोयीचे कसे लागतात, एवढंच कुतूहल होतं.

संस्थेची एक अँबॅसिडर होती. अध्यक्षांना साठ वर्षं पूर्ण झाली तेव्हा मिरवणुकीसाठी ती नव्याने रंगवायची ठरलं. काम अर्थातच त्यांच्या पुतण्याच्या गॅरेजला मिळालं. रंगासोबत पुतण्याने हौसेने पेट्रोलची टाकीही उतरवून धुतली आणि परत चढवली. मिरवणूक झाली, रंगाचं कौतुक झालं, आणि तेव्हापासून गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर जाईना.

गाडी चालवायला एक मध्यमवयीन ड्रायव्हर होते. सगळं कॉलेज त्यांना मामा म्हणायचं. मामांना टाकी भरायला पंपावर पाठवलं की गाडी अर्धा काटा दाखवत परत यायची. अध्यक्षांनी यावरून सरळ अनुमान काढलं : अर्धं पेट्रोल मामा वाटेत विकतात. मामा म्हणाले, साहेब, एकदा पंपावर समोर उभं राहून बघा. पंपावर उभं राहणं अध्यक्षपदाला शोभत नाही, असं उत्तर मिळालं. मामांनी टाकीत काठी बुडवून ओली काठी दाखवली. पुतण्या म्हणाला, काठी काय, कुठंबी भिजवता येती. झालं. चौकशी समिती बसली. समितीत अध्यक्ष होते, आणि तज्ज्ञ म्हणून पुतण्या.

एका दुपारी मामा प्रयोगशाळेत माझ्याकडे आले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. त्यांच्या मुलीचं लग्न शाहूवाडीकडच्या एका घरात ठरत आलं होतं आणि चोरीची बातमी गाडीच्या आधी तिथे पोचली होती. तिकडून निरोप आला होता की समितीचा निकाल लागू दे, मग सुपारी फोडू. सुपारी फुटली की सोयरीक पक्की. तोवर सगळं हवेत.

"नोकरी गेली तर दुसऱ्याची गाडी हाणीन, सर," मामा म्हणाले. "पर पेट्रोलचोराची पोरगी कोण करून घेणार?"

रविवारी कॉलेजच्या मागच्या आवारात आम्ही दोघांनी टाकीवरची चकती सोडवली आणि आतला फ्लोट बाहेर काढला. संडासाच्या वरच्या पाण्याच्या टाकीत दांडीला तरंगता गोळा असतो, तसलंच हे प्रकरण. पेट्रोल चढलं की गोळा चढतो, दांडी हलते, आणि दांडीचं दुसरं टोक तारेच्या एका वेटोळ्यावरून सरकतं. पेट्रोल जितकं जास्त, तितकी जास्त तार वाटेत येते, आणि विजेला अडथळाही तितका जास्त. डॅशबोर्डवरचा काटा या अडथळ्यावर हलतो. फ्लोट कोरडा पुसून, गाडीपासून लांब नेऊन मी त्याला प्रयोगशाळेतला मल्टिमीटर लावला. गोळा तळाला असताना अडथळा शून्याजवळ. हळूहळू वर नेला तसा तो वाढत गेला, कुठे तुटला नाही, कुठे अडखळला नाही. म्हणजे तार शाबूत होती. पण टाकी काठोकाठ भरल्यावर गोळा जितका चढेल तितक्या उंचीवर तो धरला, तर अडथळा निम्माच. दांडी मध्येच वाकली होती. टाकी परत चढवताना कोणीतरी फ्लोट रेटून आत कोंबला होता. कोणी, हे सांगायला मल्टिमीटर लागत नव्हता.

दांडी सरळ करायला दोन मिनिटंही लागली नसती. पण मी ती तशीच ठेवली, कारण वाकलेली दांडी हाच मामांचा साक्षीदार होता. मी अध्यक्षांना भेटून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "समितीसमोर दाखवा. यंत्राची साक्ष होऊ द्या."

साक्षीसाठी कॉलेजचा हॉल सजवला होता. व्यासपीठावर मेज, मेजावर पांढरी चादर, उदबत्त्या, नारळ आणि मधोमध माझा मल्टिमीटर. त्याला हळदकुंकू लावलं होतं. काचेवर कुंकवाचं बोट उमटलं होतं ते मी रुमालाने पुसलं, तर पुतण्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देव बाटवला. मग मल्टिमीटरला हार घालण्यात आला आणि त्याच्या तारा मला झेंडूतून ओढून काढाव्या लागल्या. अध्यक्षांनी न्यायावर भाषण केलं. समोर सगळे शिक्षक आणि शिपाई बसवले होते. मामा दाराशी उभे होते, टोपी हातात धरून.

एका हाताने फ्लोटची दांडी धरून मी प्रयोग सुरू केला. अध्यक्ष आणि पुतण्या माझ्या मागे उभे राहून काट्याकडे बघत होते. गोळा तळाला, काटा उजव्या टोकाला. मी गोळा वर नेऊ लागलो, तसा काटा डावीकडे सरकू लागला.

"डावा दिला," अध्यक्ष म्हणाले.

हॉलमधून एक उसासा गेला. मला आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं. काटेवाल्या मल्टिमीटरवर अडथळ्याची पट्टी उलटी असते, शून्य उजवीकडे आणि मोठे आकडे डावीकडे. अडथळा वाढला की काटा डावीकडेच जाणार. मामांच्या बाजूने बोलणारी खूण या मंडळींनी मामांच्या विरुद्ध लागलेला कौल म्हणून वाचली होती.

मी समजावून सांगितलं. अडथळा नसला की वीज जास्त वाहते आणि काटा उजवीकडे फेकला जातो, म्हणून शून्य तिथे लिहिलेलं असतं, वाचून बघा. अध्यक्ष सहनशील चेहऱ्याने हसले.

"सर, शून्य डावीकडंच असतंय. पहिलीतल्या पोराला इचारा."

"फुटपट्टी बघा की," पुतण्या म्हणाला, आणि पुढच्या रांगा हसल्या. त्या रांगांत गणिताचे दोन प्राध्यापक होते. तेही हसले.

दुर्बिणीतून बघायलाच नकार देणाऱ्या विद्वानांच्या गोष्टी मी वाचल्या होत्या. आनंदाने बघून उलटं वाचणाऱ्यांची कुठे वाचली नव्हती. मी दाराकडे पाहिलं. मामांनी टोपी डोक्यावर घातली होती, निघायच्या बेताने.

मग मी मल्टिमीटर हारासकट गर्रकन फिरवला आणि वरची बाजू खाली केली. आकडे उलटे झाले, पण आकडे कोणी वाचतच नव्हतं. आता शून्य डावीकडे आलं होतं. गोळा तळाला नेला, काटा डाव्या टोकाला. गोळा उचलला, तसा काटा उजवीकडे निघाला आणि मध्यावर थांबला. पुतण्या म्हणाला, अर्धाच हाय. मी पकडीने दांडी वाकवून सरळ केली आणि गोळा पुन्हा त्याच उंचीवर नेला. काटा मध्य ओलांडून पार उजवीकडे गेला.

"उजवा," अध्यक्ष म्हणाले, आणि त्यांनी हात जोडले.

नारळ फुटला. अध्यक्षांनी जाहीर केलं की मामांच्या प्रामाणिकपणाबद्दल त्यांना पहिल्यापासून खात्री होती आणि आज देवी यंत्रातून बोलली. दांडी कोणाच्या गॅरेजात वाकली हे सांगायला मी तोंड उघडलं, तोवर मायक्रोफोन पुतण्याच्या हातात गेला होता. तपासासाठी गाडी तत्परतेने उपलब्ध करून दिल्याबद्दल त्याचे आभार मानण्यात आले. गाडी संस्थेची होती. मेजावरचा हार काढून तो अध्यक्षांच्या गळ्यात घालण्यात आला. तो मल्टिमीटरचा होता.

मी मागच्या आवारात जाऊन फ्लोट काठोकाठ भरलेल्या टाकीत बसवला. मामांनी किल्ली फिरवली. डॅशबोर्डवरचा काटा सावकाश चढत जाऊन 'फुल'वर थांबला. बघायला आम्ही दोघंच होतो, आणि मामा काट्याकडे बघत नव्हते.

"लई उपकार झाले, सर," ते म्हणाले. "तुमी यंत्र फिरवलासा म्हणून वाचलो."

मी म्हटलं, फिरवल्याने काही बदललं नाही. आधी जे दिसत होतं तेच खरं होतं. गाडीच्या बॉनेटवर मल्टिमीटर ठेवून त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना टेकवून दाखवल्या, काटा उजवीकडे जातो, ते शून्य, हे बघा लिहिलेलं. मामांनी नीट ऐकून घेतलं, मान हलवली. मग हळू आवाजात म्हणाले, "मी चोरलं न्हवतं, सर."

"मला ठाऊक आहे, मामा."

"न्हाय. ठाऊक असतं तर फिरवायला लागलं नसतं." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "चोर समजून बी वाचवलंसा. ह्ये दुसऱ्या कुणी केलं नसतं."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो, पट्टी, अडथळा, दांडी. जितकं जास्त बोललो तितका माझाच आवाज मला सारवासारव करणाऱ्या वकिलासारखा वाटू लागला. मामा प्रत्येक वाक्याला व्हय म्हणत होते. त्यांना मला वाईट वाटू द्यायचं नव्हतं.

पुढच्या महिन्यात शाहूवाडीला सुपारी फुटली. मामांनी मला आग्रहाने नेलं. प्रमुख पाहुणे अर्थात अध्यक्ष. त्यांनी मांडवात उभं राहून यंत्रातल्या देवीची कथा सांगितली. तोवर तिच्यात काट्याभोवती उजेडही पडू लागला होता. व्याही मंडळी माना डोलवत होती. मग पंगत बसली आणि मामा स्वतः जिलब्या वाढायला उठले.

मुलाचे वडील माझ्या शेजारी होते, चांगले शेतकरी, हसरे. मामांनी मघाशीच त्यांना माझी ओळख, ह्येंनीच मला वाचवलं, अशी करून दिली होती. मामा समोरच्या ताटाशी आले तेव्हा हे व्याही माझ्याकडे झुकून मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "पावणं, आता सोयरीक झाली, काय भ्या न्हाय. खरं सांगा, किती इकलं हुतं?"

मी मोठ्याने म्हटलं, थेंबसुद्धा नाही. दांडी वाकली होती.

"व्हय की," त्यांनी डोळा मिचकावला. "वाकलीच असंल."

मामा आमच्यापुढे येऊन उभे होते. त्यांनी ऐकलं होतं हे मला दिसलं. त्यांनी व्याह्यांच्या ताटात जिलबी ठेवली, मग माझ्या ताटात दोन ठेवल्या, आणि परात घेऊन ते पुढच्या पाटाकडे सरकले.