ब्रेकचा जोड

युसूफ वडगाव या गावचा उत्तरेश्वर बावीस वर्षं सहकारी साखर कारखान्यात वेल्डर होता. एका हंगामात त्याच्या डोळ्यांदेखत वाफेच्या नळाचा जोड फुटला आणि शेजारी उभ्या आश्रुबा या कामगाराचा दंड भाजून निघाला. जोड दुसऱ्याच कुणाचा होता, पण तेव्हापासून उत्तरेश्वर आपला प्रत्येक जोड हातोडीनं ठोकून बघायचा. मग ओळीनं पाऊस दगा देत गेला. रानात ऊसच नाही म्हटल्यावर गाळप कशाचं? कारखाना बंद पडला आणि उत्तरेश्वर इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपात लागला. तिथली मुलं त्याला मामा म्हणायची.

२०१६ च्या एप्रिलात त्याच कारखान्याच्या ओसाड आवारात गो-कार्टची, म्हणजे कॉलेजच्या मुलांनी बनवलेल्या छोट्या शर्यतीच्या गाड्यांची, स्पर्धा भरली. बैलगाड्यांच्या रांगा लागायच्या तिथं जुन्या टायरांची वळणं रचली होती. पत्र्याच्या शेडमध्ये पिट होते, गाड्या उभ्या करून तपासायच्या जागा. प्रत्येक कॉलेजला चुन्यानं आखलेली एक चौकट, तिच्यात गाडी, पाने, पेट्रोलचा कॅन आणि आग लागलीच तर वाळूची बादली. टँकर एकच, तोही पिण्यापुरता.

आठ दिवसांपूर्वी उत्तरेश्वरनं एक काम कच्चं सोडलं होतं. ब्रेकचं पेडल ज्या पट्टीवर बसतं, आपल्या कॉलेजच्या गाडीतली ती पट्टी त्यानं जोडली होती. जोड देता देता व्होल्टेज पडलं, वेल्डिंगची कांडी चिकटायला लागली. कापून पुन्हा करायला हवं होतं. पण तासाभरात गाडी तपासणीला निघायची होती आणि सगळी मुलं डोक्यावर उभी. त्यानं वरून ग्राइंडर फिरवला, काळा रंग मारला. हातोडी हातात घेतलीच नाही. तपासणीत गाडी पास झाली.

स्पर्धेच्या दिवशी सकाळचा सराव उरकून टीमची चालक योगेश्वरी गाडी पिटमध्ये घेऊन आली. ऊसतोडीवरून नुकतीच परतलेली तिची आई, रतनबाई, दोरीपलीकडं उभी राहून लेकीकडं बघत होती. टीमचा कॅप्टन भारत टायरची हवा बघायला वाकला, तेवढ्यात उत्तरेश्वरनं हातानं पेडल दाबलं. आत बारीक ‘कट्’ झालं.

“काय झालं मामा?” भारतनं विचारलं.

“काय न्हाई.”

दुपारी अंतिम फेरीचा पुकारा झाला. योगेश्वरीनं हेल्मेट चढवलं. शेजारच्या चौकटीत इंजिनं सुरू झाली, पत्रा थरथरायला लागला. पहिलं वळण टायरांचं होतं, आणि त्यामागं कारखान्याची दगडी भिंत. उत्तरेश्वर पुढं झाला आणि गाडीसमोर फतकल मारून बसला.

“मामा, उठा. वेळ चाललाय,” भारत म्हणाला.

“गाडी सोडू नको. ब्रेकचा जोड कच्चा हाय.”

“पास झालीय की गाडी.”

“वरून पास झाली. आतलं मला ठावं हाय.” मग त्यानं खाली मान घालून सगळं सांगितलं.

भारतनं हातोडी त्याच्यापुढं टाकली. “ठोका मग.”

पहिल्या दोन घावांनी काही झालं नाही. उत्तरेश्वरला वाटलं, उगाच मुलांची वर्षाची मेहनत बुडवली. तिसऱ्या घावाला पट्टी सुटून खाली पडली.

पिटमध्ये वेल्डिंगला परवानगी नव्हती. बाकीच्या गाड्या निघाल्या. त्यांची एकटी शेडमध्ये राहिली.

“आठ दिवस तुमी गप कसं बसलात?” भारतचा आवाज फाटला होता.

“भ्यालो होतो.”

योगेश्वरीनं पट्टी उचलून बघितली. अर्ध्या जोडाला लोखंड धरलंच नव्हतं. “मी जोरात दाबलं असतं तर?” तिनं विचारलं. बाहेर गाड्या वळणं घेत होत्या. प्रत्येक वळणाला उत्तरेश्वर डोळे मिटून घेत होता.

सोमवारी त्यानं प्राचार्यांना सगळं लिहून दिलं. नोकरी राहिली, पण मुलांच्या गाड्यांना हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. तो वर्कशॉपात लोखंड कापत राहिला. त्याच्याशी कुणी जास्त बोलत नव्हतं.

पावसाळा संपता संपता भारत आणि योगेश्वरी आले. नवी गाडी सुरू करायची होती, प्राचार्यांची परवानगीही त्यांनी आणली होती.

“जोड तुमीच द्या,” योगेश्वरी म्हणाली. “पण आमच्यासमोर. अन् ठोकून आमी बघणार.”

उत्तरेश्वर हो म्हणाला. पहिला जोड गार झाला, तशी त्यानं हातोडी उचलून योगेश्वरीच्या हातात दिली.