पाटीमामा आणि एकोणीस शून्य आठ

पाटीमामांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पण गाडीचा नंबर एकदा पाहिला की कायमचा. मी समोर उभी राहून "मामा, ओळखलंत का?" म्हटलं की डोळे बारीक करून बघत बसायचे. स्कूटीचा नंबर सांगितला की लगेच चेहरा खुलायचा. "आगं, तू व्हय! मग तसं सांग की!" ते वारल्यावर मी त्यांच्या घरी भेटायला गेले, तेव्हा त्यांच्या सूनबाईनं सांगितलं, शेवटच्या आठवड्यात ते पोटच्या पोरालाही मोटारसायकलच्या नंबरानं हाक मारत होते. आम्ही दोघी आधी हसलो आणि मग रडलो.

सोलापुरात आरटीओच्या रस्त्याला त्यांचा पत्र्याचा खोका होता. आयुष्यभर नंबरप्लेटा रंगवल्या त्या माणसानं. पद्धत एकच. तीन आकडे आधी काढून ठेवायचे, आणि चौथा मात्र गाडी दारात उभी राहून घरातली माणसं आत बसल्यावरच. "कोन कोन बसनार ते पाटीला कळू द्या की," म्हणायचे. लोक कुरकुरायचे, पण म्हातारीपासून तान्ह्यापर्यंत सगळे दाटीवाटीनं बसायचे. मग मामा ब्रश उचलायचे.

पुढं कारखान्यातून ठोकून आलेल्या पाट्या सक्तीच्या झाल्या आणि मामांचे ब्रश वाळले. खोका मात्र बंद पडला नाही. लोक जुन्या गाड्या घेण्याआधी त्यांच्याकडे आणायला लागले. आपल्याकडे इंजिन नंतर बघतात, नंबर आधी. बेरीज आठ आली की शनी, नऊ आली की पेढे! मामांना त्या बेरजांचा भारी राग. "आकडे काय मिळवताय? पोराचं प्रगतिपुस्तक हाय व्हय?" म्हणत ते पाटीवर तळवा टेकवायचे आणि डोळे मिटायचे. उत्तरं दोनच. एक, "रिकामी हाय, घ्या." आणि दुसरं, अगदी खालच्या आवाजात, "हिच्यातलं कुनीतरी अजून उतरलं न्हाय." दुसरं उत्तर मिळालं की गिऱ्हाईक चावी तिथंच ठेवून निघायचं.

एकदा जुन्या गाड्यांचा एक दलाल भांडायला आला. धंद्यावर पाय देता का, म्हणून ओरडत होता. मामांनी शांतपणे त्याला सांगितलं, या गाडीत मागं डावीकडं कोण बसली होती, तिच्या अंगावर कुठलं लुगडं होतं आणि ती खिडकीला डोकं टेकून कशी झोपली होती. दलालाच्या कपाळावर घाम आला. पुढच्या महिन्यात तोच स्वतःहून गाड्या दाखवायला येऊ लागला.

माझा काडीचा विश्वास नव्हता. आमचं घर बौद्ध. मुहूर्त, अंगारा, लिंबू-मिरची यांना आमच्यात थारा नाही. पण आमचे हे! बाहेर मोठमोठ्या गोष्टी करणार आणि मोबाइलवर गुपचूप आकड्यांची बेरीज मारणार. माझ्या आईच्या किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि येताना रिक्षाच्या धक्क्यांनी ती अर्धमेली व्हायची. म्हणून आम्ही जुनी गाडी शोधत होतो. उजनी धरणाच्या काठच्या एका केळीवाल्या शेतकऱ्याची पांढरी गाडी मिळाली. अगदी लखलखीत ठेवलेली, नंबर एकोणीस शून्य आठ. "नऊ येतंय, नऊ!" म्हणून हे नाचायचेच बाकी राहिले होते.

ती मी मामांकडे नेली, ती निव्वळ माया म्हणून. मामांनी पाटीला हातच लावला नाही. नंबर वाचला आणि दोन पावलं मागं सरकले.

"ही नगं."

"का बरं?"

"नगं म्हनलं ना!"

माझं डोकंच फिरलं. "मामा, माझ्या आईला दवाखान्यात न्यायचंय. तुमच्या पाटीला ते कळतंय का?" त्यांनी मान खाली घातली. आम्ही गाडी घेतली.

पहिला आठवडा बरा गेला. मग एक दिवस मागच्या सीटवरून आई म्हणाली, "पुढचीला ऊन लागतंय, काच चढव." पुढची सीट रिकामी होती. रक्तात घाण साठली की मेंदूवर परिणाम होतो, असं डॉक्टरांनी सांगितलेलं होतं, म्हणून मी नुसती काच चढवली. पुढच्या वेळी आई दारातच अडून बसली. "लेकरू उपाशी बसलंय तितं. आदी त्येला घरी सोड, मग मला ने." रिक्षा बोलावली, तर तीही नको. "त्येला दारात एकलं टाकून मी कुटंबी येत न्हाय." डायलिसिसची एक पाळी चुकली, मग दुसरी चुकली. चेहरा सुजला, आडवं पडलं की धाप लागायला लागली. उद्या सकाळी आणलं नाहीत तर माझ्या हातात काही नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं.

मी तडक मामांच्या खोक्यावर गेले. भांडायला गेले होते, पण रडत रडतच आईचं सगळं सांगितलं. मामांनी मला मध्येच थांबवलं.

"लेकरू म्हनली आई? सोताच्या तोंडानं म्हनली?"

मग त्यांनी सांगितलं. तो नंबर म्हणजे केळीवाल्याच्या मुलीची जन्मतारीख, एकोणीस ऑगस्ट. हौसेनं मागून घेतलेली. पाटी रंगवायला बापलेक दोघंच आले होते. पोर पुढच्या सीटवर बसली ती उतरायलाच तयार नाही. "पप्पा ही गाडी कुनाला देनार न्हाईत ना?" असं विचारत होती. "आनि मी येडा," मामा म्हणाले, "हातात ब्रश. गमतीनं म्हनलं, तू उतरल्याबिगर ही दुसऱ्या कुनाची हुनार न्हाय. आनि आठ काढला." दोन वर्षांनी पोर तापानं गेली. रोज दारात तिची तारीख दिसायची, बापाला घास उतरेना. त्यानं गाडी विकून टाकली.

"मामा, खरं सांगा. तुम्हाला दिसतं का कुणी?"

"न्हाय गं बाई. मला कायबी दिसत न्हाय. कोन कुटं बसलं ते ध्यानात ऱ्हातं, त्यातलं कुनी गेल्याचं कानावर आलं की तसं सांगतो, एवढंच. लोकांनी त्याचं काय काय केलं."

"मग आईला कसं कळलं?"

मामा उठले. पायात चपला सरकवल्या आणि गाडीकडं चालू लागले. मी पुढचं दार उघडलं, तर माझ्याकडं नुसतं बघितलं आणि मागं जाऊन बसले.

केळीवाल्याकडं पोचलो तेव्हा भर दुपार होती. दोन्ही बाजूंना केळी, खाली धरणाचं पाणी, पाणी उपसणाऱ्या मोटारींची घरघर. केळीवाला अंगणात पाइप गुंडाळत होता. नंबर दिसला आणि त्याच्या हातातला पाइप गळाला. मामांनी हात जोडून सगळं सांगितलं. स्वतःचं ते वाक्यही सांगितलं, लपवलं नाही. मला वाटलं, हा माणूस आता आम्हाला मारणार. पण तो गाडीपाशी आला, डावीकडचं दार उघडलं आणि वाकला.

"चल बाळा. घर आलं."

लहान मूल गाडीतून उतरायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ तो थांबला. मग दार लावून घराकडं निघाला. उजवा हात अंगापासून थोडा लांब, खाली धरलेला. उंच माणूस, पण पावलं अगदी छोटी छोटी टाकत होता.

तो उंबऱ्यात पोचला तेव्हा परसातून त्याच्या बायकोचा आवाज आला. ती मागं धुणं आपटत होती. आम्ही आल्याचंही तिला ठाऊक नव्हतं.

"आलीस व्हय गं? पाय धुऊन ये."

मामांनी माझं मनगट घट्ट धरलं. "तूबी ऐकलंस?" मी मान हलवली. इतकी वर्षं लोक मामांना घाबरायचे. त्या दिवशी मी मामांना घाबरलेलं पाहिलं, आणि त्यांना रागानं जे काही बोलले असेन त्याची मला लाज वाटली. त्यानंतर त्यांनी कुठल्याच पाटीला हात लावला नाही. कुणी गाडी आणली की तिच्याकडं पाठ करून बसायचे. वर्षाच्या आत गेले.

केळीवाल्याकडून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी थंडी मरणाची होती. गाडी रात्रभर उघड्यावर, काचांवर दव साचलेलं. मी आईला काही सांगितलं नव्हतं. ती आपणहून काठी टेकत बाहेर आली, पुढचं दार उघडून बसली आणि सीटवरून हात फिरवला.

"ऊब हाय की अजून," म्हणाली.

मी काच पुसली आणि गाडी दवाखान्याच्या रस्त्याला घेतली.