सरजाबाईचा आरसा

माझी माय सरजाबाई एक अक्षर शिकली नव्हती, पण विहिरीत पडलेली वस्तू काढावी तर तिनंच. काठावरून आरशानं ऊन पाण्यात सोडायची आणि तळाशी बादली दिसली की दोराला बांधलेला गळ टाकून अलगद वर घ्यायची. देवणीजवळच्या आमच्या गावात सगळे तिला बोलवायचे, फक्त वरच्या गल्लीची विहीर सोडून. त्या काठावर आमच्या बौद्धवाड्यातल्या कुणी पाय ठेवायचा नाही, असा रिवाज. विहीर सरकारी पैशाची आणि रिवाज मात्र ह्यांच्या बापाचा!

लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती आणि दुष्काळ पडला. आमची विहीर आटली. वरच्या विहिरीला पाणी होतं. आम्ही खाली घागरी मांडायच्या, त्यांनी वरून ओतायचं. मायला ते सहन होईना. ती दीड कोस चालून नदीच्या वाळूतलं पाणी आणायची.

अशात त्या विहिरीवरच्या इंजिनाच्या पाइपाच्या खालच्या टोकाची लोखंडी झडप, म्हणजे फुटव्हॉल्व्ह, सुटून तळाशी पडला. त्याच्याविना इंजिन पाणी ओढेना, हौद कोरडा पडला. लोकांनी बुड्या मारल्या, पाणी नुसतं गढूळ झालं. तिसऱ्या दिवशी ते निवळलं, तेव्हा सरपंच लक्ष्मणरावांच्या पत्नी कावेरीबाई आरसा घेऊन बसल्या. त्यांचा उजेड एकाच अंगाला पडे. दुसऱ्या अंगाची कपार काळीकुट्ट.

माय न बोलावता गेली आणि सरळ त्यांच्या समोरच्या काठावर चढली.

"काढून देते. पर मग पाणी माझ्या हातानं शेंदणार."

"सरजा, मागं सर!" लक्ष्मणराव ओरडले. "दोन उजेड मधीच धडकतेत. हाय ते बी दिसंना व्हईल."

खरं कारण काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी तेव्हा उदगीरला अकरावी सायन्सला होते, सुट्टीला घरी आलेले. उजेड उजेडाला धडकत नाही हे मी पुस्तकात वाचलेलं, तरी गर्दीत तोंड उघडलं नाही. त्याची आजही लाज वाटते.

"कावेरीबाई, तुमचा आरसा जरा बी हलवू नगा," माय म्हणाली आणि तिनं आपलं ऊन सोडलं. हवेत धूळच एवढी, की दोन्ही झोत विहिरीच्या मधोमध एकमेकांना छेदताना स्पष्ट दिसले. मायनं आरसा गदागदा हलवला. तिचा कवडसा कपारीत नाचला. कावेरीबाईंचा होता तिथंच राहिला.

"धडकले का, लक्ष्मणराव?"

"माझा तर हलला बी न्हाई," कावेरीबाईच हसल्या.

कपारीत लोखंड चमकलं. "धर," म्हणत मायनं आरसा माझ्या हातात दिला. मीही काठावर चढले. तिसऱ्या फेकीला गळ अडकला.

आता मी कॉलेजात शिकवते, की प्रकाशाचे कण समोरासमोर आले तरी एकमेकांतून निघून जातात. प्रचंड ऊर्जा असेल तरच क्वचित एकमेकांना अडवतात, आपल्या उन्हात नाही. पोरांना पटत नाही. मग मी दोन आरसे मागवते.

फुटव्हॉल्व्ह वर येताच लक्ष्मणराव म्हणाले, "झालं ना? उतर आता. पाणी वततो आमी."

माय उतरली नाही. तिनं बादली विहिरीत सोडली. कावेरीबाईंनी रहाटाखालची आपली घागर उचलून कडेला ठेवली.

"आधी तुझी भर, सरजाबाई."

मायनं बादली वर ओढली आणि तिथंच, काठावर उभी राहून, ओंजळीनं पोटभर प्याली. पाणी कोपरावरून ओघळत होतं.

"लई गोड हाय," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.