उघड्या डोळ्यांची प्रार्थना

पहारेकऱ्याने सुशीलाबाईंच्या कपाळाला बंदूक लावली आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "प्रार्थना करतेस?"

त्या परक्या देशातल्या तुरुंगात प्रार्थनेला बंदी होती. पकडले जाण्याआधी आम्ही तिथे निर्वासितांच्या दवाखान्यात होतो. बाई नर्स, मी आणि मार्था स्वयंपाकाला. जेवणाआधी डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटायची आमची लहानपणापासूनची सवय. बाईंचा हात पदराकडे गेला, तेवढं त्याला पुरलं.

"हो," बाई म्हणाल्या.

त्याने ताट लाथाडलं. पुन्हा दिसलं तर घेऊन जाईन म्हणाला. मार्था रडायला लागली.

"रडू नकोस गं," बाई म्हणाल्या. "उद्यापासून तांदूळ निवडताना बोलू. देव काय आपले डोळे तपासत बसलाय?"

मग आम्ही खडे वेचता वेचता, उघड्या डोळ्यांनी देवाशी बोलायचो. डोळे मिटले की निदान बंदूक दिसत नाही. उघड्या डोळ्यांना ती दिसतच राहते, आणि तरी बोलायचं असतं.

आता इतक्या वर्षांनी, काल इथल्या चर्चमध्ये माझी सून कुजबुजली, "आई, डोळे मिटा ना, लोक बघतात."

"लोकांचे मिटलेत ना? मग बघतंय कोण?"

पलीकडच्या बाकावर मात्र आणखी एकीचे डोळे उघडे होते. मार्थाचे.

तिकडे तुरुंगात पुढे आमच्या कोठडीतली एक कैदी बाई मरायला टेकली होती. तिच्यासाठी सुशीलाबाईंनी पदर घेतला आणि डोळे मिटले. पहारेकरी त्यांना घेऊन गेला.

मी आणि मार्था तेवढ्या परत आलो.