जर्मन फिटरने बोकड मागितला नव्हता

पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता, तेव्हाची एक गोष्ट कुरुळीच्या एका घरात अजून चुकीची सांगितली जाते. यंत्रं बसवायला आलेल्या जर्मन फिटरने पहारेकऱ्याचा नवसाचा बोकड मागून घेतला, अशी. परवा पहारेकऱ्याच्या नातवाने ती मलाच ऐकवली. फिटरने बोकड मागितलाच नव्हता.

मी तिथे दुभाष्या होतो. पुण्यात जेमतेम शिकलेली जर्मन, एवढंच भांडवल. एका संध्याकाळी फिटर म्हणाला, उद्या मोठा पाइप चढवायच्या आधी एक ‘बोक’ लागेल, चांगला मजबूत. बोक म्हणजे बोकड, हे मला पाठ होतं. त्यात नवं यंत्र बसवताना बोकड द्यायची आपल्याकडची रीत. मी मुकादमाला सांगितलं.

“साहेब आपल्यातलाच निघाला की राव,” तो हसला.

तसा बोकड पहारेकऱ्याकडेच होता. बायको दुखण्यातून उठली म्हणून त्याने तो देवीला बोललेला.

“देवीचा हाय त्यो,” तो म्हणाला.

“साहेबाने मागितलाय. देवीला दुसरा दे,” मी म्हणालो.

सकाळी तो स्वतःच बोकडाचं दावं धरून आला.

फिटर कामावर आला तेव्हा मटण चुलीवर होतं. त्याला काही उमजेना. माझा बोक कुठाय, असं त्याने मला विचारलं, आणि मग हात-पाय जमिनीवर टेकून, ओणवा होऊन, पाठीवर पाइप पेलल्यासारखं करून दाखवलं. त्याला पाइप टेकवायला सुताराकडची लाकडी घोडी हवी होती. आपण जिला घोडी म्हणतो, तिला जर्मन माणूस बोकड म्हणतो.

तेव्हापासून हा शब्द मला सोडत नाही. जर्मनमध्ये गाडीवानाच्या बैठकीलाही बोकच म्हणतात. इंग्रजीत तो ‘बक’ झाला आणि बराचसा हरणाच्या नराकडे गेला. डच भाषेतही बोकड ‘बोक’च, पण चित्र रंगवताना ते ठेवायच्या लाकडी स्टँडला डचांनी गाढव केलं, आणि तेच गाढव इंग्रजांनी ‘ईझल’ म्हणून नेलं. चार पाय आणि वर ओझं दिसलं की माणसाला जनावरच आठवतं. संस्कृतातही बोकडाला ‘बुक्क’ म्हणत. आपला बोकड आणि त्यांचा बोक एकाच कळपातले का, याबद्दल जाणकार साशंक आहेत; मला ते तसे असावेत असं वाटतं. आणखी एक गंमत म्हणजे, आपण जिला घोडचूक म्हणतो, ती झाली की जर्मन म्हणतात, बोकड मारला.

माझ्या हातून दोन्ही झालं होतं. पहारेकऱ्याने विचारलं, “साहेबानं मागितला नव्हता व्हय?”

“मागितला होता. मग त्याचं मन बदललं,” मी सांगितलं.

काम संपवून निघताना फिटरने सगळ्यांशी हात मिळवला. पहारेकऱ्याने हात पाठीमागे घेतले. याला काय झालं, असं फिटरने मला विचारलं. लाजतो तो, असं मी सांगितलं. ते जर्मन वाक्य मात्र बिनचूक होतं.