ईपीची दुसरी बाजू

जुन्या रेकॉर्डच्या पुठ्ठ्याचा कुबट वास आला की माझं डोकं अजून तापतं. काल अमेरिकेतल्या एडिसन गावात, माझ्या घरी, मी ती विलायती ईपी, म्हणजे छोटी रेकॉर्ड, बाहेर काढली. एका बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला दोन.

लहानपणी पुण्यात आम्ही अशोकदादाच्या घरी भाडेकरू होतो. त्याच्या मामाने लंडनहून याच गाण्यांची ईपी पाठवली होती. उंबऱ्याबाहेर बसून मी दोन गाणी ऐकली, अंगावर काटा आला. मग दादाने सुई उचलली. "दुसरी बाजू घरच्यांसाठी," म्हणाला आणि दार लावून घेतलं. दाराआडून मला ड्रमचे ठोके तेवढे ऐकू आले.

पुढे मोठ्या एलपी रेकॉर्डची चलती झाली, विलायतेतही ईपी मागे पडल्या, दादाने त्याची रद्दीत घातली. मी मात्र इथे अमेरिकेत गराज सेल, म्हणजे घरोघरचे जुन्या सामानाचे बाजार, पालथे घालून ती मिळवलीच.

दादा त्याच्या इथल्या मुलाकडे आलाय, म्हणून काल त्याला मुद्दाम जेवायला बोलावलं. पहिली बाजू संपली तेव्हा त्याचे डोळे पाणावले होते.

"उलट ना गं. किती वर्षांत ऐकलं नाही!"

"दुसरी बाजू घरच्यांसाठी, दादा."

निरोप घेऊन तो पायऱ्या उतरला, तसं मी दार लावून घेतलं आणि दुसरी बाजू लावली. ठोके तेवढे ऐकू गेले असतील त्याला.