कमरेचा खरा आकडा

अंगात चरबी किती, याचा अंदाज घ्यायला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी टेप हातात घेतली. मी साडी सैल केली, परकराच्या नाडीच्या काळ्या वणावर बोट ठेवलं आणि सवयीने पोट आत ओढलं.

"तिथे नाडी बसते, काकू. कंबर इथे मोजायची," म्हणत त्यांनी टेप वर, बेंबीपाशी आडवी धरली. "आता श्वास सोडा, नेहमीसारखा. पोट ओढू नका, फुगवू नका."

श्वास सोडा! मला पाहायला पाहुणे आले, तेव्हा आई दाराआड कुजबुजली होती, "पोट आत घे." तेव्हा आत घेतलेलं पोट मी प्रत्येक लग्नात, प्रत्येक फोटोत आतच ठेवलं. सोड म्हणून कुणी सांगितलंच नाही. लेकरं मात्र सगळ्यांना याच पोटातून हवी होती.

मी श्वास सोडला. टेप अंगाला नुसती टेकली, रुतली नाही. नर्सबाईंनी आकडा हळूच, माझ्या कानाशी सांगितला.

"मोठ्यानं सांगा," मी म्हटलं. "बाहेर बाकावर आमचे हे बसलेत, त्यांनाही ऐकू जाऊ दे."